पुढच्या चाकांमधला दुर्लक्षित दांडा
‘स्टॅबिलायझर बार’ घरी बदलता येतो. पण खरी कसोटी गाडी सुरक्षित उचलण्याची

ठाणे, प्रतिनिधी

खड्ड्यात एकच चाक गेले की गाडीच्या पुढच्या बाजूने ‘खट्’ असा आवाज येतो. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला नेहमीपेक्षा अधिक कलते. गॅरेजमध्ये नेल्यावर ‘सस्पेन्शनचे काम निघाले आहे’ एवढेच मोघम उत्तर हाती पडते. दिवा-शीळ रस्ता, कल्याण-शीळ मार्ग किंवा मुंब्रा बायपास यांच्याशी नित्याचा संबंध येणाऱ्या वाहनधारकांना हा अनुभव नवा नाही. या आवाजाच्या मुळाशी बऱ्याचदा पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा आणि त्याचे रबर व जोड असतात. कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत त्याला ‘स्टॅबिलायझर बार’ किंवा ‘अँटी-रोल बार’ म्हणतात. काही ठिकाणी ‘स्वे बार’ हे नावही ऐकू येते.

हा दांडा बदलण्याचे काम इंजिन उघडण्याइतके किचकट नाही. हाताशी योग्य पाने, सपाट जागा आणि सुटीचा एक पूर्ण दिवस असेल, तर काही गाड्यांमध्ये ते घरच्या आवारातही करता येते. मात्र नट-बोल्ट सोडवणे हा या कामातील सोपा भाग आहे. दांडा खरोखरच बदलायला हवा का, हे ओळखणे अवघड. आणि सातशे-आठशे किलोंपासून हजार-बाराशे किलोंपर्यंत वजनाची गाडी उचलून तिच्याखाली हात घालणे जोखमीचे. या दोन गोष्टी नीट समजल्या नाहीत, तर वाचलेल्या मजुरीची किंमत फार मोठी ठरू शकते.

दांडा करतो काय?

हा दांडा साधारणपणे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा असतो. त्याचा मधला लांब भाग गाडीच्या रुंदीत आडवा असतो आणि तो रबरी बुशांमध्ये धरून, पट्टीच्या साह्याने चासी किंवा सबफ्रेमला बसवलेला असतो. दोन्ही टोके वळवून दोन बाजूंच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. बहुतेक आधुनिक गाड्यांत ही जोडणी ‘लिंक रॉड’ नावाच्या छोट्या कांडीने केलेली असते. या कांडीच्या टोकांना गोलाकार सांधे, म्हणजेच बॉल जॉइंट असतात.

गाडी वळणावर झुकते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक गाडीच्या अंगाशी वर दाबले जाते आणि आतल्या बाजूचे खाली सरकते. अशा वेळी दांड्याची दोन टोके विरुद्ध दिशांना जातात आणि त्याच्या मधल्या भागाला पीळ पडतो. पोलाद या पिळाला विरोध करते आणि तोच विरोध गाडीचे झुकणे कमी करतो. दोन्ही चाके एकाच वेळी सारखीच वर गेली, तर मात्र दांडा आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो. त्याला पीळ पडत नाही. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचे पहिले पेटंट १९१९ मध्ये कॅनडातील एका संशोधकाला मिळाले होते.

दांड्याच्या जाडीचे गणित येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पिळाला होणारा विरोध हा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा दांडा बसवला, तर जाडी दहा टक्क्यांनीच वाढते. परंतु ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. ‘जरा जाड घ्या, टिकेल’ या दुकानदाराच्या सल्ल्याला म्हणूनच भुलू नये. अशा गाडीचे वळणावरील वर्तन बदलते आणि एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या बाजूलाही अधिक पोहोचतो. मूळ मापाचाच सुटा भाग घ्यावा.

खड्ड्यांशी असलेले नाते

दिवा हे ठाणे महापालिकेच्या हद्दीतील ठिकाण. मध्य रेल्वेवरील हे जंक्शन वसई आणि पनवेलच्या दिशांना जोडलेले असले, तरी रस्त्याने बाहेर पडायचे तर बहुतेकांची भिस्त शीळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच असते. तेथून पुढे महापे, कल्याण किंवा मुंब्रा बायपास. उरणच्या बंदराकडून भिवंडी व गुजरातच्या दिशेने जाणाऱ्या अवजड कंटेनरांची वाहतूकही याच शीळफाट्यावरून होते. खाडीलगतचा सखल भाग, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि अवजड वाहनांची वर्दळ यांमुळे डांबर उखडते. पाण्याखाली गेलेला खड्डा दिसत नाही आणि चाक त्यात जोरात आपटते.

सस्पेन्शनच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे खड्डा सहसा एकाच चाकाखाली येतो. रस्ताभर आडव्या असलेल्या गतिरोधकावर दोन्ही चाके एकत्र चढतात, तेव्हा दांड्याला फारसे काम पडत नाही. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे सपाटीवर असले की प्रत्येक वेळी दांड्याला पीळ पडतो आणि त्याचा सारा झटका लिंक रॉडच्या सांध्यांवर व बुशांच्या रबरावर येतो. म्हणूनच गुळगुळीत महामार्गावर अनेक वर्षे टिकणारे हे छोटे भाग खड्ड्यांच्या रस्त्यांवर लवकर दगा देतात. चांगले, खड्डेविरहित रस्ते हा नागरिकांचा मूलभूत हक्क असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मधील निकालात स्पष्ट केले होते. तो हक्क प्रत्यक्षात उतरेपर्यंत झिजेचा भुर्दंड वाहनधारकाच्या खिशालाच बसतो.

आधी निदान, मग खरेदी

वरील तत्त्वावरूनच एक सोपी घरगुती चाचणी करता येते. रहदारी नसलेल्या अंतर्गत रस्त्यावर खिडक्या उघड्या ठेवून, अगदी कमी वेगात, आधी रुंद गतिरोधकावरून गाडी सरळ न्यावी. नंतर त्याच वेगात एखाद्या उंचवट्यावरून एकच चाक न्यावे. सरळ जाताना शांत असलेली गाडी एका चाकाच्या वेळी ‘खटखट’ वाजत असेल, तर संशय लिंक रॉड आणि दांड्याच्या बुशांवर घ्यावा. दोन्ही वेळा आवाज येत असेल, तर शॉकॲब्सॉर्बर, त्याचे वरचे माउंटिंग किंवा लोअर आर्मचे बुश व बॉल जॉइंट तपासणे इष्ट. ही चाचणी अंतिम निदान नव्हे. पण चुकीची खरेदी टाळण्यास ती पुरेशी उपयोगी पडते.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून आणि हँडब्रेक ओढून, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे. चाकामागच्या मोकळ्या जागेतून लिंक रॉड दिसतो. तो हाताने धरून जोरात हलवावा. सांध्यात खुळखुळ जाणवली किंवा त्यावरील रबरी टोपी फाटून आत माती गेलेली दिसली, तर तो बदलण्याच्या लायकीचा झाला असे समजावे. बुशांचे रबर कडक होऊन भेगाळले आहे का, दांडा आणि रबर यांच्यात फट पडली आहे का, हेही टॉर्चच्या प्रकाशात पाहावे.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की दांडा स्वतः क्वचितच खराब होतो. अपघातात तो वाकतो, किंवा बुशाखाली ओल धरून वर्षानुवर्षे गंजल्याने तेथे बारीक होतो व कधी तडकतो. दिव्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या गाडीची ही जागा आवर्जून पाहावी. दांडा सरळ असेल, त्यावर खोल गंज किंवा तडा नसेल, तर लिंक रॉडची जोडी आणि बुश बदलून काम भागते. या भागांची किंमत संपूर्ण दांड्यापेक्षा बरीच कमी असते आणि अनेक गाड्यांत ते दांडा न काढताही बदलता येतात. लिंक आणि बुश मात्र नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

कोणती गाडी घरी हाताळावी?

कल्याण-शीळ मार्गाला मोटारउद्योग परका नाही. प्रीमियर कंपनीचा कारखाना या मार्गावर होता आणि १९९०च्या दशकात ‘प्यूजो ३०९’ ही मोटार तेथे तयार होत असे. प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात सुटीच्या दिवशी बाह्या सरसावून गाडीखाली शिरणारे मालक सर्रास दिसत. त्या गाडीच्याही पुढच्या भागात असा दांडा होता. पण तेव्हाची मोकळी रचना आजच्या गाड्यांत राहिलेली नाही. त्यामुळे सुटे भाग घेण्यापूर्वी आपल्या गाडीची रचना कोणत्या प्रकारात मोडते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रकार लिंक रॉड असलेला आणि दांडा मोकळेपणाने बाहेर येणारा. हे काम घरी करण्याजोगे असते.

दुसरा प्रकार असा, की दांडा सबफ्रेमच्या वर किंवा स्टिअरिंग रॅकच्या मागे अडकलेला असतो. तो काढण्यासाठी इंजिनला वेगळा आधार देऊन सबफ्रेम खाली घ्यावी लागते. हे काम घरी करण्याचे धाडस मुळीच करू नये. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने पाहत जावा. तो बाहेर काढण्याची वाट दिसत नसेल, तर घरी बुश आणि लिंकपुरतेच काम मर्यादित ठेवावे.

तिसरा प्रकार जुन्या छोट्या गाड्यांचा, आणि फसगत येथेच होते. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली व २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८००, तसेच तिच्याच धाटणीची जुनी अल्टो, यांत या दांड्याला लिंक रॉड नसतो. त्याची आटे असलेली टोके थेट लोअर आर्ममधून आरपार जातात आणि खाचांचा कॅसल नट व स्प्लिट पिन यांनी पक्की केलेली असतात. या गाड्यांत दांडा केवळ झुकणे रोखत नाही, तर लोअर आर्मला मागे-पुढे सरकू न देण्याचे कामही तोच करतो. म्हणजे दांडा काढल्यावर चाकाला त्या दिशेने आधारच उरत नाही. दांडा काढलेल्या अवस्थेत अशी गाडी हातभरही हलवू नये. बसवताना नवी स्प्लिट पिन वापरावी आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य समजावे.

जागा, जॅक आणि घोडी

दिव्यात स्वतंत्र गॅरेज असलेली घरे मोजकीच. गाडी उभी राहते ती इमारतीच्या तळमजल्यावरील खांबांमध्ये, पेव्हर ब्लॉकच्या आवारात किंवा सरळ रस्त्याच्या कडेला. यांपैकी सार्वजनिक रस्ता या कामासाठी पूर्णतः वर्ज्य समजावा. उतार असलेली किंवा पावसाने मऊ झालेली जमीनही नको. सिमेंटचा कोबा सर्वांत उत्तम. पेव्हर ब्लॉक असतील, तर ते एकाएकी खचू नयेत म्हणून घोडीखाली जाड प्लायवूडचा मोठा तुकडा ठेवावा. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आधी कल्पना दिल्यास पुढची वादावादी टळते.

गाडीबरोबर मिळणारा जॅक हा पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता असतो. तो तिरका होऊ शकतो, घसरू शकतो. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये, हा या कामातील पहिला आणि अखेरचा नियम आहे. त्यासाठी पोलादी जॅक स्टँड, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत ‘घोडी’, यांची जोडी हवी. विटा, पोकळ सिमेंट ब्लॉक किंवा रचलेले दगड हे घोडीला पर्याय नाहीत. भार पडताच पोकळ ब्लॉक पूर्वसूचना न देता फुटतो.

मागच्या दोन्ही चाकांच्या मागे लाकडी ठोकळे पक्के बसवावेत आणि हँडब्रेक ओढावा. ‘गाडी गिअरमध्ये आहे’ या समाधानात राहू नये. आपल्याकडील बहुसंख्य छोट्या गाड्यांत इंजिनची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. ती चाकेच हवेत उचलली की गिअर टाकल्याने गाडी रोखली जात नाही.

गाडी उचलताना दोन्ही बाजू सारख्या उंचीवर याव्यात. एकच चाक उचलले, तर दांड्याला पीळ पडून राहतो आणि नट सुटताच टोक झटक्याने निसटून हाताला इजा होऊ शकते. माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागांखालीच घोड्या लावाव्यात. मग गाडी कडेने हाताने जोर देऊन हलवून पाहावी; जराशी जरी डगमगली, तरी पुन्हा खाली घेऊन मांडणी सुधारावी. काढलेली चाके दोन्ही बाजूंना गाडीच्या पाट्याखाली आडवी सरकवून ठेवणे ही आणखी एक खबरदारी. काम एकट्याने करू नये. हाकेच्या अंतरावर दुसरी मोठी व्यक्ती असावी आणि मुलांना आवारातून दूर ठेवावे.

प्रत्यक्ष काम

आदल्या रात्री सर्व नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सुरुवात करावी. एखादा नट तुटला किंवा पिन हरवली, तर सुट्या भागांचे दुकान उघडे असतानाच ते लक्षात आलेले बरे.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी घोड्यांवर स्थिरावल्यावर चाके काढावीत आणि सर्व भागांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. बुशाची फट पुढे होती की मागे, पट्टी कोणत्या बाजूने बसली होती, हे दुपारपर्यंत आठवत नाही. छायाचित्र कामी येते.

आधी दोन्ही बाजूंचे लिंक रॉड दांड्यापासून सोडवावेत. नट फिरवताना सांध्याचा दांडुकाही बरोबर फिरू लागतो. त्याच्या टोकाला ॲलन कीसाठी खाच किंवा पाना धरण्यासाठी सपाट कडा दिलेल्या असतात. तेथे एक पाना धरून दुसऱ्याने नट सोडवावा. नायलॉनची कडी असलेले नट पुन्हा वापरू नयेत. यानंतर बुशांवरच्या पट्ट्यांचे बोल्ट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सैल करावेत. गंजलेला बोल्ट हट्टाने पिळून तोडण्यापेक्षा पुन्हा तेल सोडून अर्धा तास थांबणे शहाणपणाचे. तरीही तो हलला नाही, तर सर्व जागच्या जागी आवळून गाडी मेकॅनिककडे नेणे हाच योग्य निर्णय होय.

दांडा मोकळा झाला की तो हळूहळू फिरवत एका बाजूच्या चाकाच्या कमानीतून बाहेर काढावा. या वाटेत ब्रेकची रबरी नळी, एबीएसची वायर आणि ड्राइव्हशाफ्टवरचे रबरी बूट असते. यांपैकी कशालाही ओरखडा गेला, तर लहान काम मोठे होऊन बसते.

नवा दांडा जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून व्यास, लांबी आणि बाक ताडून पाहावेत. डावी-उजवी बाजू दर्शविणारी रंगाची खूण असल्यास ती टिपून घ्यावी. रबरी बुश बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल वापरण्याची सवय अनेकांना असते, ती टाळावी. खनिज तेलाने साधे रबर फुगते आणि लवकर खराब होते. साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस पुरेसे होते. सर्व बोल्ट प्रथम बोटांनीच दोन-चार आटे चढवावेत, म्हणजे ते तिरके बसत नाहीत. मग पान्याने बेताचेच घट्ट करावेत.

शेवटचा आवळ जमिनीवर

घरगुती दुरुस्तीत हमखास चुकणारी पायरी हीच. गाडी घोड्यांवर असताना चाके खाली लोंबकळतात. त्याच अवस्थेत रबरी बुश कायमचे आवळले, तर गाडी जमिनीवर येताच त्यांना सतत पीळ पडून राहतो आणि नवे रबर अकाली फाटते. मारुती ८००सारख्या रचनेत तर हे विशेष महत्त्वाचे. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच अंतिम आवळ द्यावा. त्यासाठी चाके पक्क्या पोलादी उतरंडीवर, म्हणजे रॅम्पवर चढवावीत. ते शक्य नसेल, तर तात्पुरते पुरेसे घट्ट करून जवळच्या खड्डा-पिट असलेल्या गॅरेजपर्यंत गाडी सावकाश न्यावी आणि तेवढे काम तेथे करून घ्यावे.

आवळ किती द्यावा, याचा आकडा प्रत्येक गाडीसाठी वेगळा असतो आणि तो कंपनीच्या दुरुस्तीपुस्तिकेत मिळतो. तो टॉर्क रेंचने मोजूनच द्यावा. ‘हाताच्या अंदाजाने’ नव्हे. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि सुमारे ५० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

पहिली फेरी आवारालगतच्या शांत रस्त्यावर, कमी वेगात घ्यावी. ब्रेक, स्टिअरिंग आणि एका चाकाचा उंचवटा या तिन्ही चाचण्या समाधानकारक झाल्याखेरीज कंटेनरांच्या गर्दीत शीळफाट्याकडे जाण्याची घाई करू नये. आवाज कायम असेल, तर निदान चुकले असे समजून बाकीचे भाग तपासून घ्यावेत. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, तर गाडी थेट अलाइनमेंटसाठी न्यावी.

घरच्या कामात गॅरेजची मजुरी वाचते. पण घोड्यांची जोडी, टॉर्क रेंच आणि चांगले पाने यांचा पहिला खर्च धरला, तर एकाच कामात ती बचत फारशी दिसणार नाही. खरा लाभ वेगळा आहे. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी हा दांडा पाहिलेल्या वाहनधारकाला पुढच्या वेळी ‘सस्पेन्शनचे काम निघाले आहे’ या वाक्यावर समाधान मानावे लागत नाही. कोणता भाग, कोणत्या बाजूचा आणि कशावरून, हे तो विचारू शकतो.

हे लक्षात ठेवा

• दांडा बदलण्याआधी लिंक रॉड व बुश तपासावेत. दोष बहुधा तेथेच असतो.
• केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. घोड्यांची जोडी अनिवार्य.
• दोन्ही पुढची चाके सारखी उचलावीत. मागच्या चाकांना ठोकळे लावावेत.
• सबफ्रेम उतरवावी लागत असेल, तर काम अनुभवी मेकॅनिककडे सोपवावे.
• मूळ मापाचाच भाग अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह घ्यावा.
• बुशांना अंतिम आवळ गाडीचे वजन चाकांवर असतानाच द्यावा.
• पावसात, अंधारात किंवा एकट्याने हे काम करू नये.